तासलेला उंचवटा

ताईची कवळी मीच बनवलेली. धंदाच माझा तो. खालची कवळी बसेना म्हणून वर्षभरात तिसऱ्यांदा ती माझ्या खोलीत येऊन बसली.

"तुझा हात म्हातारा झालाय," ती म्हणाली.

"हात ठीक आहे. तुझी जीभ कवळीला टेकू देईल तर ना!"

जबड्याचा साचा घेतला, प्लास्टर ओतलं. उजवीकडे मागच्या बाजूला पुन्हा उंचवटा आला. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की असा उंचवटा येतो, आम्ही तो चाकूने तासतो. मागे दोनदा तासला होता, या वेळीही तासला. नवी कवळी अंगठ्याने जोर देऊन बसवली. ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुसऱ्या दिवशी गाल सुजला, तेव्हा कुठे तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

एक्स-रे पाहिला. दहा वर्षं बोळकं असलेल्या जबड्यात एक अख्खी दाढ आडवी निजलेली, आणि तिच्या डोक्याभोवती लिंबाएवढा काळा गोल.

"पाण्याची पिशवी आहे," बाई म्हणाल्या. "दात घडतो तेव्हा त्याच्याभोवती एक आवरण असतं. दात वर आला की त्याचं काम संपतं. ही अक्कलदाढ वर आलीच नाही. आवरण आणि दाढ यांच्यामध्ये पाणी साठत गेलं, हाड आतून झिजत गेलं. आता उरलंय ते अंड्याच्या टरफलासारखं. इथे कुणी दाबलं होतं का? आणखी जोर लागता तर जबडा मोडला असता."

मी अंगठा मुठीत लपवला.

ताईने पाहिलं. "दाढ माझी अडली, अक्कल याची," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन फळीवरचे तिन्ही प्लास्टरचे जबडे काढले. तिन्हींवर तीच जागा, चाकूने गुळगुळीत केलेली. घडवणाऱ्याने तीनदा खूण दाखवली होती आणि मी ती आपली चूक समजून पुसत होतो.

पाणी वाहून जावं म्हणून बाईंनी पिशवीला खिडकी पाडली. आवरणाचा तुकडा तपासायला गेला. घातक काही निघालं नाही. देवाने लाज राखली. हाड भरेपर्यंत खिडकी बुजू नये म्हणून तिथे बसवायचं बूच मलाच करायचं होतं.

बाईंकडून साचा आला, प्लास्टर ओतलं. खिडकीच्या काठाशी बारीक उंचवटा. हात सवयीने चाकूकडे गेला, तिथेच थांबला. ताईला बोलावून घेतलं.

"ताई, आ कर," मी म्हणालो आणि बोटाने हलकेच चाचपलं.

उंचवटा तोंडातही होता.