तिसरं इंजिन कोणी बंद केलं?

केफ्लाविक गावच्या मच्छीमार संघाच्या हॉलमध्ये त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोकांनी माशांची रिकामी खोकी उलटी घालून त्यांवर बैठक मारली. ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास कोंडून राहिला होता. एवढी गर्दी कशासाठी, तर वाल्देमार मेलेल्यांशी बोलणार होता.

हा वाल्देमार पाच वर्षांपूर्वीपर्यंत दारोदार शिवणयंत्रं विकायचा. त्या यंत्रांचे टाके महिन्याभरात उसवायचे आणि गिऱ्हाइकं त्याच्या दारात भांडायला यायची. मग त्यानं धंदा बदलला. परलोकातल्या मालाबद्दल तक्रार घेऊन कोणी येत नाही, एवढं त्याला बरोबर कळलं होतं.

दिवे मंद झाले. वाल्देमारनं मान मागे टाकली, घशातून घरघर काढली आणि जाड आवाजात म्हणाला, "स्वावा... माझी स्वावा आली आहे का?"

पुढच्या रांगेतली स्वावा ताडकन उभी राहिली. तिचा नवरा इंग्वार जूनमध्ये होडी उलटून गेला होता. एका विमान कंपनीत तो फ्लाइट इंजिनिअर होता.

"मी इंग्वार बोलतोय. खूण पटवू? बारा एप्रिल. न्यूयॉर्कहून परत येत होतो. ग्रीनलंडच्या दक्षिणेला तिसऱ्या इंजिनाच्या तेलाचा दाब पडला. रात्री दोन चाळीसला मी ते बंद केलं. तीन इंजिनांवर दोनशे माणसं घरी आणली. तुला घाबरवायचं नव्हतं, म्हणून बोललो नाही."

मागे बसलेल्या ग्रीमुरच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो इंग्वारचा मित्र, त्याच कंपनीत फ्लाइट इंजिनिअर. स्वावानं आग्रह केला म्हणून आला होता. तिसरं इंजिन, बारा एप्रिल, दोन चाळीस यातला शब्द न् शब्द खरा होता.

"आता नीट ऐक," घरघर पुढे म्हणाली. "तुझ्या छातीत गाठ आहे. डॉक्टरीण सुरी परजून बसली आहे. जाऊ नकोस! ती गाठ म्हणजे नुसतं तापलेलं तेल. ते इंजिन थंड केलं तसं इथून मी तुलाही थंड करतोय. काट्यावर माझी नजर आहे."

स्वावा ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडली. सगळा हॉल तिच्याबरोबर रडला. वाल्देमारची बायको एब्बा कॉफीची किटली खाली ठेवून पुढे आली आणि स्वावाला तिनं पोटाशी धरलं.

ग्रीमुर घरी आला, पण डोक्यातून ते जाईना. फ्लाइट इंजिनिअरचं काम लोकांना ठाऊक नसतं. दोघे वैमानिक पुढे आभाळाकडे तोंड करून बसतात, त्यांचे फोटो छापून येतात. तिसरा त्यांच्या मागे आडवा बसतो, काटे आणि बटणं भरलेल्या भिंतीकडे तोंड करून. एका टाकीतलं इंधन संपवायचं, दुसरीतलं राखायचं, चार इंजिनांचा आवाज कानानं वेगवेगळा ओळखायचा. ग्रीमुरनं एकवीस वर्षांत अटलांटिक महासागर हजार वेळा ओलांडला, आणि पाहिला असेल दहा वेळा.

या कामाचा पहिला धडा एकच. एका काट्याच्या सांगण्यावरून इंजिन बंद करायचं नाही. दाबाचा काटा पडला तर आधी त्याच्या काचेवर नखानं टिचकी मारायची. मग तापमानाचा काटा बघायचा, मग तेल किती उरलं ते बघायचं. काटेही खोटं बोलतात. पण तिघे मिळून एकच खोटं बोलत नाहीत.

ग्रीमुरनं टिचकी मारली. वाल्देमारला ही माहिती मिळाली कुठून? दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या दुरुस्ती विभागात गेला. विमानातल्या लॉगबुकात इंजिनिअर लोक गिचमिड अक्षरात जे खरडतात, ते तिथं महिन्याच्या अहवालात नीट टाइप होतं. एप्रिलची फाईल त्यानं काढली. तिसरं इंजिन, तेलाचा दाब, दोन चाळीस, इंजिनिअर इंग्वार, सगळं ओळीनं होतं. खाली टाइप करणारीचं नाव होतं एब्बा.

तो तडक स्वावाकडे गेला.

"स्वावा, त्याची बायको आमच्या ऑफिसात टाइपिस्ट आहे. विमानाचं सगळं तिथून आलंय, गाठीचं तर गावभर माहीत आहे. तू पुढच्या गुरुवारी ऑपरेशनला हॉस्पिटलात जा बघू गुपचूप."

स्वावा पॅनकेकवर जॅम लावत होती. चेहरा इतका शांत, की ग्रीमुरलाच भीती वाटली. "एब्बाला ठाऊक आहे म्हणून इंग्वारला ठाऊक नव्हतं, असं कुठं आहे? विमानात तोच होता ना?"

ग्रीमुर जॅमच्या बरणीचं झाकण फिरवू लागला.

"होता ना रे?"

"गाठ मोठी होतेय का?" त्यानं विचारलं.

"थोडी. इंग्वार म्हणाला, उतरण्याआधी वाढेल." तिनं बशी पुढे सरकवली. "खा. तुम्हा इंजिनिअर लोकांना स्क्रूखेरीज काही कळत नाही."

ग्रीमुरनं बशी तशीच परत सरकवली. कारण बारा एप्रिलला इंग्वार विमानात नव्हताच. ते इंजिन ग्रीमुरनं बंद केलं होतं.

इंग्वारचं आकुरेरी या बर्फाळ डोंगरांतल्या गावी एका बाईशी सूत जुळलं होतं. तिच्याकडे चार दिवस राहायचं म्हणून त्यानं ग्रीमुरच्या हातापाया पडून त्याला आपल्या जागी पाठवलं. पण ड्युट्या लावणारी बाई होती स्वावाची सख्खी बहीण! मग कागदावर नाव इंग्वारचंच ठेवलं, आणि ग्रीमुरनं लॉगबुकात इंग्वारची सही ठोकली. कॅप्टननं काणाडोळा केला. असल्या खोट्या सहीपायी लायसन्स जातं. ग्रीमुरनं मैत्रीखातर ती केली होती आणि त्याचं त्याला फार कौतुकही वाटलं होतं. आता तो ताकाला जाऊन भांडं लपवत होता, आणि तिकडे गाठ वाढत होती.

त्यानं डॉक्टरणीला फोन केला तर ती खेकसली, "पुढच्या गुरुवारपर्यंत खाट अडवून ठेवलीय. दोनदा तपासलं, सुईनं तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. कॅन्सर आहे. मेलेल्या नवऱ्यानं तिसऱ्यांदा तपासलं असेल तर रिपोर्ट पाठवा म्हणावं!"

पुढच्या मंगळवारी हॉलमध्ये आणखी गर्दी होती. स्वावाची कीर्ती गावभर झाली होती. वाल्देमारची घरघर सुरू झाली तसा ग्रीमुर उभा राहिला.

"इंग्वार, मी ग्रीमुर. दोन प्रश्न विचारू का?"

"विचार, मित्रा. इथं काही लपत नाही."

"त्या रात्री इंजिन बंद करताना तुझ्या शेजारी कोण होतं? काय झालं, सगळं सांग."

वाल्देमार खुलला. विक्रेत्याची जीभ ती, तिला उतार मिळाला. "कॅप्टन घाबरला होता. मी म्हटलं, घाबरू नका. लाल दिवा पेटला. हात थरथरले नाहीत माझे. समोरच्या काचेतून बर्फाचे डोंगर दिसत होते, त्यांत मला स्वावाचा चेहरा दिसला..."

"समोरच्या काचेतून?"

"लख्ख!"

"इंजिनिअरच्या समोर काच नसते रे, भिंत असते," ग्रीमुर म्हणाला. दोघंतिघं फिसकन हसले. घरघर क्षणभर अडखळली. "मेल्यावर... सगळ्या दिशा एक होतात."

"वा! बरं, ते राहू दे. तू तिथं होतास, हे नक्की?"

"शपथेवर! माझ्या या हातांनी ते इंजिन बंद केलं."

"या हातांनी," ग्रीमुर म्हणाला, आणि स्वतःचे दोन्ही हात त्यानं वर केले. "त्या विमानात इंग्वार नव्हता. मी होतो. लॉगबुकातली सही त्याच्या नावाची आहे, पण अक्षर माझं आहे. ही माझी खिशातली वही, हवी तर ताडून बघा. कागदावर इंग्वार असल्याचं लिहिलंय, म्हणून या भुतालाही वाटतं आपण तिथं होतो! हे भूत इंग्वारचं नाही, एब्बाच्या टाइपरायटरचं आहे."

गलका झाला. वाल्देमारचे डोळे उघडले होते आणि परलोकाचा आवाज एकदम इहलोकी आला. "हा दारू पिऊन आलाय! याला बाहेर काढा!"

"खोटं आहे," स्वावा म्हणाली. ती ग्रीमुरकडे वळली होती. "तो विमानात नव्हता, तर कुठं होता?"

ग्रीमुरनं हॉलकडे पाहिलं. मासळी बाजारातल्या बायका होत्या, पाद्री होता, स्वावाची बहीण होती. हे चार भिंतींच्या आत सांगायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण एकट्यात ती म्हणाली असती, तू खोटारडा आहेस, आणि गुरुवार निघून गेला असता.

"आकुरेरीला. एका बाईकडे."

"खोटं!"

"तो घरी आला तेव्हा न्यूयॉर्कहून तुझ्यासाठी काय आणलं होतं?"

इंग्वार दर खेपेला तिच्यासाठी मोजे आणायचा. त्या खेपेला विसरला होता.

"आणि नाक? त्याच्या नाकाची सालं निघाली होती. मलम तूच लावलंस. काय म्हणाला होता तो?"

"विमानात उन्हाकडे तोंड होतं म्हणाला," स्वावा अगदी हळू म्हणाली.

"भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याला ऊन लागत नाही, स्वावा. आकुरेरीच्या बर्फात स्की करणाऱ्याला लागतं."

ती खाली बसली. रडली नाही. गेल्या मंगळवारी तिच्याबरोबर रडणारा सगळा हॉल आता माना उंच करून तिचं तोंड बघत होता. त्यांच्यापैकी एकही उठून तिच्याजवळ गेला नाही. वाल्देमार मागच्या दारानं कधी सटकला, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्यापेक्षा चविष्ट काहीतरी त्यांना मिळालं होतं.

गुरुवारी स्वावा हॉस्पिटलात गेली. एक स्तन काढला, ती वाचली. ग्रीमुरचं लायसन्स गेलं. सध्या तो मासळीच्या कारखान्यात बर्फ बनवणाऱ्या यंत्राचे पंप सांभाळतो. एब्बाची नोकरी सुटली. वाल्देमार उत्तरेकडच्या एका गावी गेला, आणि तिथं म्हणे मंगळवारी पाय ठेवायला जागा नसते.

दीड वर्षानं गावच्या गरम पाण्याच्या हौदात ग्रीमुर गळ्यापर्यंत बुडून बसला होता. स्वावा आली. एका बाजूनं सपाट झालेला पोहण्याचा पोशाख तिनं लपवला नाही. ती समोर बसली. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"वाल्देमारनं मला नवरा परत दिला होता," ती म्हणाली. "तू त्याला दुसऱ्यांदा बुडवलंस."

"हो."

"ती बाई. तू पाहिलीस? की तो म्हणाला आणि तू मान डोलावलीस?"

ग्रीमुरला तिच्या आवाजातली आशा ऐकू आली. एक शब्द खोटा बोलला असता, तर तिला इंग्वार पुन्हा मिळाला असता. तो फक्त म्हणाला होता, असं सांगितलं की झालं. पण असंच एक खोटं मैत्रीखातर त्यानं एकदा केलं होतं.

"पाहिली. आकुरेरीच्या विमानतळावर, दोनदा. दुसऱ्या वेळी तिनं त्याचा कोट घातला होता."

वाफेत स्वावाचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"ठीक," ती म्हणाली. "विचारायचं राहिलं होतं."

वाचकहो, मेलेले बोलत नाहीत. बोलतात ते जिवंत, आणि जिवंत माणसाला एक प्रश्न विचारता येतो: तुला हे कसं कळलं? ग्रीमुर सोडला तर हॉलमधल्या तीनशे धडधाकट माणसांना तो सुचला नाही. पुढे हौदात तो विचारला स्वावानं, आणि उत्तरानं आपलंच काळीज कापलं जाणार हे ठाऊक असताना विचारला. तुमची गाठ वाढण्याआधी तुम्हीही तो विचारा.