बुलबुलाच्या छातीतला नवरा

पाखरनाथ महाराज रविवारी भर दुपारी, तीनशे माणसांसमोर, केळं सोलता सोलता वारले. मात्र असं काही घडलंच नाही, असं खुद्द महाराजांचं म्हणणं आहे. ज्याचं मरण त्याचा शब्द मानायला हवा. तेव्हा ते वारले नाहीत असं धरू आणि आदल्या सोमवारपासून सांगू.

सोमवारी महाराजांच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. पाथर्डीहून जीपा भरभरून येत होत्या. लिंबोणीच्या फांदीवर एक बुलबुल बसला होता. त्याच्यासमोर तिपाईवर कॅमेरा, कॅमेऱ्यामागे फोटोग्राफर जालिंदर, आणि सगळ्यांच्या मधोमध पाटावर महाराज. त्यांचं शास्त्र सुटसुटीत होतं. मेलेला माणूस पाखरात शिरतो. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. आठवड्याआधी नाव सांगायचं, पुढच्या सोमवारी फोटो घ्यायचा. ज्याचा चेहरा पाखरात आला, तो गेला.

"पन म्हाराज, आमच्यात तर कावळा असतोय," एका म्हाताऱ्यानं शंका काढली.

"कावळा पिंडापुरता," महाराज म्हणाले. "ऱ्हायला बुलबुल."

म्हाताऱ्यानं हात जोडले. राहण्याची सोय झाली म्हटल्यावर कोण कशाला बोलतो?

चांगुणा पोरीला कडेवर घेऊन पुढंच उभी होती. तिचा नवरा रंभाजी ऊसतोडीला गेला होता. टोळी परत आली, रंभाजी आला नाही. टोळीवाले म्हणाले, तो एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि गेला. पाच महिने झाले, चिठ्ठी नव्हती. मग तिचा दीर श्रीमंत यानं भावाचं नाव महाराजांना दिलं. श्रीमंत महाराजांचा पट्टशिष्य होता, आणि भाऊ नसला तर भावाचं रान कोण कसणार, याचा विचार त्यानं अगोदरच करून ठेवला होता.

महाराजांनी पाकिटातून फोटो काढला. बुलबुलाच्या काळपट छातीत रंभाजीचा चेहरा होता. सासूनं, राहीबाईनं, हंबरडा फोडला.

"गेला!" महाराज गरजले. "उसाच्या मुलखात गेला, पान्याच्या काठाला गेला! येत्या रविवारी हितंच दहावा उरका. बाईचं कुकू पुसा, बांगड्या फोडा आन् तिला म्हायेरी पोचवा. न्हाईतर आत्मा पाखरात गुदमरंल!"

श्रीमंतनं वाक्य संपायच्या आधीच मान हलवली.

फोटो चांगुणाच्या हातात आला तेव्हा रंभाजीच्या गालावर महाराजांच्या अंगठ्याचा केळ्यानं बरबटलेला ठसा होता. तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. तिनं पदरानं फोटोतला गाल पुसला, आणि पुसता पुसता तिला तीन पांढरे ठिपके दिसले. दोन भुवईत, एक नाकावर.

"म्हाराज, ह्ये पांढरं काय?"

"परलोकातलं तारं, बाई."

"नाकावर?"

"तारा कुठंबी उगवतोय."

लोकांनी ताऱ्यांना हात जोडले. चांगुणानं जोडले नाहीत. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवऱ्याचं तिनं पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर घामेजल्या नाकावर चिकटलेला तांदूळ. आणि दोन भुवईत. ते तारे परलोकातले नव्हते. तिच्या लग्नातल्या अक्षता होत्या.

जाता जाता तिनं बुलबुलाकडे नीट पाहिलं. त्याच्या पायाला काळा दोरा होता, दुसरं टोक फांदीला. दोऱ्याखाली पाय सोलवटला होता. फोटोत मात्र दोरा कुठंच नव्हता.

तिनं हे सगळं दवाखान्यातल्या नर्सबाईंना, गीताबाईंना, सांगितलं. गीताबाई नगरला शिकलेल्या, तोंडानं फटकळ.

"मेल्यावर नाकाला अक्षता? वर पण लग्न लावलं का काय त्याचं?" त्या म्हणाल्या. "चल पाथर्डीला."

जालिंदरच्या स्टुडिओत लग्नाच्या निगेटिव्ह नावानिशी पाकिटात ठेवलेल्या होत्या. तालुक्यातली निम्मी लग्नं त्यानंच टिपलेली.

"दादा, लग्नाच्या फोटोची एक कापी द्या," चांगुणा म्हणाली. "हार घालाया पायजे."

जालिंदरनं पाकीट काढलं आणि एकदम परत ठेवायला लागला. गीताबाईंनी ते काढून घेतलं. दवाखान्यात एक्स-रे खिडकीशी धरून बघायची त्यांना सवय. त्यांनी निगेटिव्ह उजेडात धरली. नवऱ्याच्या कपाळावर खरवडल्याच्या बारीक रेघा होत्या.

"मुंडावळ्या कुठं गेल्या हो?"

जालिंदर खोटं बोलला असता. पण त्याचा कारागिराचा जीव आड आला.

"बिलेडनं काढल्या, ताई. केसागत धार लागते. नगरातबी कुनाला जमनार न्हाई!"

"आणि पाखराच्या पायाचा दोरा?"

"त्यो पेन्सिलीनं. निगेटिव्हवर काळा दोरा कोरा दिसतोय, पेन्सिल फिरवून भरून टाकायचा. मंग दोन निगेटिव्ह एकावर एक ठिवायच्या आन् छापायचं. पाखराच्या काळ्या अंगात तोंड आपसूक उगवतं."

"अक्षता राहिल्या," चांगुणा म्हणाली.

जालिंदरनं निगेटिव्ह हिसकून घेतली, भिंग लावलं आणि कपाळाला हात मारून घेतला. पाप केल्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. काम कच्चं राहिलं याचं वाटलं.

"सतरा फोटो काडलं, त्याच एका बुलबुलाचं," तो कुरकुरला. "सतरा घरचं मेलेलं त्या एकाच पाखरात कोंबलं. पन म्हाराज फोटोखाली माझं नाव टाकू देतील तर शप्पथ!"

गीताबाई गोड हसल्या. हे त्यांना सहसा जमत नसे.

"आम्ही टाकू देतो. आणखी एकच फोटो काढा. आणि निगेटिव्ह घेऊन रविवारी या. नाहीतर मी पोलीस चौकीत जाते."

रविवारी परस पुन्हा भरलं. भिमाजी न्हावी वस्तरा परजत बसला होता. राहीबाईच्या हातात बांगड्या फोडायला दगड होता. बायकांनी चांगुणाला मधे घेतलं होतं, आणि त्यातल्या दोघी, अजून काही फुटलेलं नसताना, डोळे पुसत होत्या. चांगुणानं कोपर झटकून वाट काढली.

"म्हाराज, माझ्या आदी ह्यो फोटो बगा. कोन गेलंय त्ये सांगा."

महाराजांची एक रीत होती. फोटो स्वतः बघायचा नाही. डोळे मिटून पाठीकडनं कपाळाला लावायचा, म्हणजे चित्र लोकांकडे आणि आत्मा आत.

"गेला!" ते म्हणाले. "लई खादाड जीव हुता. लई जनांस्नी नादी लावलं त्यानं. आत्मा बुलबुलात तडफडतोय! आजच उरका!" आणि एका हातानं फोटो कपाळाशी तसाच धरून पुढ्यातलं केळं दातानं सोलायला घेतलं.

लोक माना उंचावून फोटो बघायला लागले. शेवटी राहीबाईच ओरडली, "आगं बया! म्हाराजच गेलं की!"

महाराजांनी डोळे उघडले, फोटो उलटा केला. बुलबुलाच्या छातीत त्यांचीच दाढी होती. खाली सुबक अक्षरात: जालिंदर फोटो स्टुडिओ, पाथर्डी.

"मी... मी जित्ता हाय!"

"आसं कसं?" भिमाजी न्हावी म्हणाला. तो सरळमार्गी माणूस होता. "तुमीच म्हनलात आजच उरका. मागं कोन हाय ह्यांच्या? डोई कुनाची करू?"

सगळ्यांनी पट्टशिष्याकडे पाहिलं. श्रीमंतनं डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी धरली.

गीताबाईंनी जालिंदरला पुढं ओढलं. एक निगेटिव्ह उन्हात धरली: बुलबुल. दुसरी धरली: महाराज. एकावर एक ठेवल्या: महाराज बुलबुलात. काढल्या: बाहेर. मग रंभाजीची धरली, आणि ब्लेडच्या रेघा एकेकाला दाखवल्या. लोक रांग लावून बघायला लागले. जालिंदर प्रत्येकाला पेन्सिलीचं काम समजावत होता. तेवढ्यात महाराज जीपमध्ये बसले; मेलेल्या माणसाच्या मानानं ते फार चपळ निघाले.

राहीबाई दगड घेऊन तशीच उभी होती.

"मंग माजा रंभा जित्ता हाय?"

"ते या फोटोला माहीत नाही, मावशी," गीताबाई म्हणाल्या. "मलाही नाही. शोधावं लागेल."

राहीबाईनं दगड खाली टाकला. चांगुणानं दातानं बुलबुलाचा दोरा तोडला. त्याला काही कळलं नसावं. तो बराच वेळ तिथंच बसून राहिला.

त्या सतरा घरांपैकी अकरांनी फोटो अजून भिंतीवरून काढलेले नाहीत. रोज उदबत्ती लावतात. डोळ्यांनी बघितलेलं डोळ्यांआड करायला कॅमेरा लागत नाही. माणूस हरवला तर ज्यांनी त्याला शेवटचं पाहिलं त्यांना विचारा, कारखान्याला पत्र टाका, पोलिसांत वर्दी द्या. वर्दी चांगुणानं सोमवारीच दिली. तालुक्याच्या कचेरीतही एक अर्ज टाकला. सांगणं तिचं, अक्षर गीताबाईंचं:

"मा. तहसीलदारसाहेब, पाथर्डी, यांचे सेवेशी. अर्जदार चांगुणा रंभाजी गर्जे विनंती करते की, यापुढे तालुक्यात कोणाही इसमास पाखराच्या आधारे मयत ठरवणे झाल्यास, ठरवणाऱ्याने सदर मयताकडे समक्ष जाऊन, तो मयत असल्याबद्दल त्याची सही-अंगठ्याची पोच आणून कचेरीत दाखल करावी. पोच दाखल होईपावेतो त्याच्या बायकोच्या बांगड्यांस कोणी हात लावू नये, असा हुकूम व्हावा. कळावे."