फोन कोणी केला?

उज्वलाच्या कामाचा पहिला धडा असा, की फोन करणाऱ्याला आधी त्याचं नाव विचारायचं नाही. आधी लेकराचं विचारायचं. लेकरू आत्ता कुठं आहे, जवळ कोण आहे, जेवलंय का, कुणी मारलंय का. नाव सांगितलं तर ठीक, नाही सांगितलं तरी अडत नाही. आणि सांगितलं तर ते त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. लातूरच्या त्या मुलांच्या मदतवाहिनीत फोन घेताना हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरी पाहुणा आला तरी ती आधी "जेवलात का?" म्हणायची. कुठून आलात, हे मागून. हरिओम, तिचा नवरा, यावरून तिची थट्टा करायचा.

दिवसभर नाना तऱ्हेचे फोन यायचे. फुकटचा नंबर म्हणून लावणारी टवाळ पोरं, बसस्थानकावर चुकलेलं लेकरू, दारुड्या बापानं घराबाहेर काढलेला पोरगा. आणि लग्नसराई सुरू झाली की कोवळ्या पोरींच्या लग्नांचे. मार्गशीर्ष लागून थोडेच दिवस झाले होते. दुपारचा डबा खाऊन उज्वला खुर्चीत बसतेय तोच फोन वाजला. पलीकडं पिठाच्या गिरणीची घरघर आणि तिच्याखाली दबलेला बाईचा आवाज.

"लेकरांचं हापिस हाय का ते?"

"हो ताई, बोला. लेकरू कुठं आहे?"

"घरीच हाय. नववीत हाय अजून. उद्या हळद लावनार हायती. रडायलीय पोरगी, कुनी ऐकना झालंय."

"नाव काय तिचं?"

"आरती."

मग त्या बाईनं गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आणि उज्वलाचा हात थांबला. रेणापूर तालुक्यातलं ते गाव तिच्या सासरचं होतं. बाप म्हणजे भुजंगदादा, हरिओमचा थोरला चुलतभाऊ. नात्यातला फोन आला तर तो दुसऱ्या ताईकडं द्यायचा, असा तिथला शिरस्ता. पण हात बदलला की फोन कटतो, आणि कटलेला फोन पुन्हा येत नाही, हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं. तिनं दिला नाही. आवाज कुणाचा याचा विचारसुद्धा तिनं जाणून मनात येऊ दिला नाही. वर्षातून दोनदा सणावाराला सासरी जाणारी सून ती. तिथल्या बायांचे आवाज तिला असेही फारसे ओळखू येत नसत.

"माजं नाव कुठं यायचं न्हाई ना, बाई? जित्ती गाडतील मला."

"नाही येणार. माझ्यावर विश्वास ठेवा."

दुसऱ्या दिवशी पोलिसांसह मदतवाहिनीची मंडळी गावात पोचली, हळद थांबली. भुजंगानं पोरगी अठराची होईस्तोवर लग्न करणार नाही असं लिहून दिलं. उज्वलाला आभाळ ठेंगणं झालं. फोन आपणच घेतला होता हे मात्र तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही आणि समन्वयक मॅडमनाही.

गावाला आरतीची काळजी वाटली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आपली गावं पाहिलेली नाहीत. पोर शाळेत जाते का, जेवते का, घरात तिला कोण काय बोलतं, एकानंही विचारलं नाही. पारावर, नळावर, दूध डेअरीवर एकच प्रश्न: फोन कोणी केला? आपल्या घरातली घाण दाखवणाऱ्याचा हात शोधायला आपण जेवढे हुशार, तेवढे ती घाण काढायला असतो तर काय हवं होतं!

वेळ अमावास्येला उज्वला सासरी गेली. लातूरकडं त्या दिवशी घरं कुलुपात आणि माणसं शेतात. ज्वारी कमरेच्या वर गेलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. कडब्याच्या पेंढ्यांच्या खोपटात, कोपीत, पूजा झाली, भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांच्या पंगती बसल्या. सगळी भावकी एकत्र होती. भुजंगाच्या धाकट्या भावाची, शिवशंकरची बायको शिवकांता आंबिलीचं मडकं घेऊन वाढत होती. आरती कोपीच्या मागं एकटीच शेंगा सोलत बसली होती. पुरुषांचा विषय ठरलेला होता.

"दुसरं कोन असनार?" भुजंग म्हणाला. "त्यो अश्वजित मास्तर! पोरगी शाळंत का येत न्हाई म्हनून दोनदा दारात आलता."

"त्येंच्या लोकांला लई कायदा कळाया लागलाय," कुणीतरी बोललं.

"उद्यापासून मास्तराला डेअरीतून दूध बंद. गाडीवर कुनी बसवायचं न्हाई. आन् एक दिस येशीपाशी गाठून हातपाय मोडायचे. बदली आपोआप मागतोय."

उज्वलाच्या हातातला घास तसाच राहिला. अश्वजित सर म्हणजे सरळ माणूस. त्यांच्या शिकवणीनं गावची दोन पोरं नोकरीला लागली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली ही माणसं बोलण्यावर थांबणारी नव्हती. तेवढ्यात सासूबाई, साखराबाई, तिच्याकडं वळल्या.

"आमची उज्वला त्याच हापिसात हाय की! तिला म्हाईत आसंल. सांग गं, मास्तरच ना?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर आले. सुनेला भावकीत एरवी कोण विचारतं? त्या दिवशी थोरामोठ्यांनी घास थांबवून तिच्या तोंडाकडं पाहिलं. मास्तरांना वाचवायचं हे खरंच. पण मला माहीत आहे हे दाखवायची हौसही तिला तेव्हा झाली, हेही तितकंच खरं. बोलून गेली.

"उगं मास्तरांच्या जिवावर उठू नका, दादा. मास्तर नव्हते ते. बाईमाणूस होतं."

कोपीतल्या पुरुषांनी एकमेकांकडं पाहिलं.

"बाई?" भुजंग हळूच म्हणाला. "हळदीचं तर घराभायेर कुनाला सांगितलंच नव्हतं."

दोघा भावांच्या त्या एकत्र घरात आरती सोडून बाया तीनच. आरतीची आई स्वतः पोरीला धाक घालून लग्नाला उभी करणारी. म्हातारी आजी, जिला फोन कसा धरायचा ते ठाऊक नाही. भुजंगाची नजर फिरत फिरत आंबिलीच्या मडक्यापाशी थांबली. शिवकांताच्या हातून आंबील पत्रावळीबाहेर सांडली. दळण आणायला गिरणीवर रोज तीच जायची. तिनं एकदाच मान वर करून उज्वलाकडं पाहिलं. राग नव्हता त्यात. विश्वास ठेवला तिथूनच नाव फुटलं कसं, हे न कळलेल्या माणसासारखं पाहिलं.

त्या क्षणी बोलता आलं असतं. मला नक्की माहीत नाही, मी ऐकीव सांगितलं, काहीही. भुजंगदादा, फोन कोणी केला यापेक्षा तुम्ही काय करत होतात ते बोला, असंही म्हणता आलं असतं; ऑफिसात तर ती हे रोज म्हणायची. पण उज्वला पत्रावळीत पाहत राहिली. शिवशंकर उठला, बायकोच्या दंडाला धरून तिला बांधापलीकडं घेऊन गेला. पहिल्या फटक्याचा आवाज ऐकू आला तेव्हा साखराबाईंनी पोरांना उंडे वाढायला घेतले.

दुसऱ्या दिवशी शिवकांताला एसटीत बसवून उदगीरकडं माहेरी धाडलं. फोन काढून घेतला होता. उज्वला लातूरला परतली, फोन घेऊ लागली. "तुमचं नाव कुठं येणार नाही," हे वाक्य आलं की तिची जीभ अडखळायची.

माघात साखराबाईंचा फोन आला. सुवार्ता सांगावी तसा आवाज.

"आरतीचं उरकलं बाई एकदाचं. तिकडं नांदेडकडं बिलोलीला, पोराच्या मामाच्या गावी. चार मान्सांत अक्षदा टाकल्या. ह्या खेपंला फोन कराया कुनी नव्हतं."

उज्वला उठून थेट मॅडमच्या टेबलापाशी गेली. नात्यातला फोन स्वतः घेतला इथपासून कोपीतल्या शब्दापर्यंत सगळं सांगितलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"विश्वास ठेवा म्हणालीस तिला?"

"हो."

"आता रडू नकोस. आधी पोरीचं बघ. तक्रार कोणाच्या नावानं?"

"माझ्या," उज्वला म्हणाली. "नाव लपवू नका. तक्रार मीच केली हे भुजंगदादाला कळू दे."

नांदेडच्या मदतवाहिनीच्या मंडळींनी आरतीला सासरहून बाहेर काढलं. ती आता नांदेडला बालगृहात राहते. भुजंगावर आणि मुलाकडच्यांवर गुन्हा दाखल झाला. भावकीनं उज्वलाशी बोलणं तोडलं, साखराबाईंनी हरिओमला "बायकोला आवर" म्हणून निरोप धाडला. हरिओमनं तो निरोप तिला वाचून दाखवला. उज्वलाला फोनवरून काढून गावोगावच्या बैठकांच्या कामाला लावलं गेलं. हे सगळं तिला शिक्षा म्हणून फारच थोडं वाटलं.

ती उदगीरकडं शिवकांताच्या माहेरी गेली. शिवकांताची आई गौरम्मा दारातच होती. कोण आलंय ते न कळून तिनं "बा, बा," म्हणत कानडीत बोलावलं, घोंगडी अंथरली. शिवकांता ओसरीवर तूर निवडत होती. कपाळावरची जखम सुकली होती.

"आरती कशी हाय?" तिनं विचारलं.

"बरी आहे. शाळेत घातलंय."

"मग बरं हाय."

"ताई, मी तुम्हाला तोंड दाखवायच्या लायकीची राहिले नाही," उज्वला म्हणाली. "मी मास्तरांना..."

"कळलं मला. मास्तराला वाचवाया बोललाव. वाचले ना मास्तर? लई चांगला मानूस." शिवकांतानं सूप बाजूला ठेवलं. "माजं लगीन चौदाव्या वर्षी झालं, बाई. पहिलं लेकरू पोटातच गेलं, मंग झालंच न्हाई. म्हनून केलता फोन. मारलं त्येचं काय, आजपस्तोर काय कमी मारलं का? पर त्या दिशी कोपीत समद्या बाया बसल्या होत्या. त्येंच्या बी घरात पोरी हायत. माजं काय झालं ते समद्यांनी बगितलं. आता त्यातली कोन तुमाला फोन करंल, तेवडं सांगा मला."

गौरम्मानं आणलेला चहा उज्वलानं घेतला. नको म्हणायलाही तिला तोंड नव्हतं.

अक्षय तृतीयेला मदतवाहिनीत फोन ठेवायला उसंत नसते. यंदाही तसंच झालं. चाकूरहून, औशाहून, निलंग्याहून, रेणापूरच्याच शेजारच्या खेड्यांतून फोन आले. सण ओसरल्यावर सगळे मिळून चहा घेत बसले होते. उज्वलाच्या जागी फोनवर नवा लागलेला शिवप्रसाद कौतुकानं म्हणाला,

"ताई, तुमच्या सासरच्या गावचा यंदा एकसुद्धा फोन नाही बघा. एका कारवाईत गाव सुधारलं! पुढच्या बैठकीत हे उदाहरण सांगायला पाहिजे."

दोघातिघांनी माना डोलावल्या. कुणीतरी उज्वलाला शाबासकी दिली. हसून चहाचा घोट घेतला असता तर विषय तिथंच संपला असता. तिनं कप खाली ठेवला.

"गाव सुधारलं नाही, शिवप्रसाद," ती म्हणाली. "लग्नं तिथं आताही लागत असतील. तिथल्या बायांनी आपल्याला सांगायचं सोडलंय. आणि ते माझ्यामुळं."