शेवटच्या थांब्याचा प्रवासी

शेअर ऑटोत "थांबवा" म्हणायला मला आयुष्यभर लाज वाटली. सगळे वळून पाहतील, ही धास्ती. म्हणून मी शेवटच्या थांब्यावर उतरून मागे चालत येतो.

आज अकोल्यात नात देवश्रीचं नाटक सुरू व्हायलाच आलं होतं. तिची शाळा दिसली तसा मी उठल्यासारखं करून पुन्हा बसलो.

शेजारी आमच्याच गल्लीतल्या फरजानाबाई होत्या. "काका, उतराचं हाय ना? मंग सांगा ना त्याले!"

"सगळे पाहतील हो."

"कोन पायते तुमाले? सारे मोबाइल पाहून राहिले."

खरंच, माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. थोडा अपमानच वाटला.

"थांबवा!" मी ओरडलो.

आमचा ऑटो थांबला. पुढचे दोन ऑटोही थांबले. आता मात्र सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि मी ऐटीत उतरलो.