काच शाबूत

फोटोत धूळ दिसू नये म्हणून काचवाल्यांनी रुमालाचं टोक ओलं केलं आणि टेकडीच्या उतारावर गुडघे टेकून सात नंबरची काचपट्टी पुसायला घेतली. पुसता पुसता अंगठ्याचं नख काच चिकटवायच्या लुकणात शिरलं. लोण्यात शिरावं तसं, सहज.

"दाजी, जरा हसा," कॅमेरा डोळ्याला लावून मेहुणा म्हणाला. "रविवारच्या गावसोहळ्याच्या स्मरणिकेत छापायचाय. गावाच्या पायाखालची जमीन ज्यांच्या हाती सुरक्षित आहे ते, वगैरे."

काचवाले हसले नाहीत. अकरा वर्षांत लुकणाचा दगड व्हायला हवा होता.

टेकडीच्या पाठीवर एक लांबलचक भेग होती. भूमापन खात्याने तिच्यावर बारा काचपट्ट्या आडव्या चिकटवून घेतल्या होत्या. टेकडी हलली तर काच फुटेल, काच फुटली तर कळेल. विज्ञान एवढं साधं होतं, आणि स्वस्तही. या काचा तपासणारे खात्याचे माणूस, म्हणून गाव त्यांना काचवाले म्हणायचं. दर सोमवारी काचवाले वर चढून यायचे, दोन हात अंतरावरून बाराही काचा बघायचे आणि नोंदवहीत लिहायचे, 'काच शाबूत'. हात लावायला नियमाने मनाई होती, आणि नियम मोडण्याइतकं कुतूहल त्यांना कधी वाटलं नव्हतं. एकही काच कधी तडकली नाही. या कामगिरीवर त्यांना बढती मिळाली नाही, गावाला मात्र पायथ्याशी नवी शाळा मिळाली. बांधकामाच्या दाखल्यावर त्यांची सही होती. त्याच शाळेत त्यांची मुलगी तिसरीचा वर्ग शिकवत होती.

त्यांनी पंजा पसरून काचेवर ठेवला. पट्ट्या त्यांनी स्वतः कापून घेतल्या होत्या, बरोबर एक वीत. ही भरली एक वीत आणि वर चार बोटं. कोपऱ्यात हिऱ्याच्या कलमाने कोरलेली तारीख त्यांचीच होती, चारच्या वाकड्या आकड्यासकट. सगळं जसंच्या तसं होतं, फक्त काच ती नव्हती.

"काय झालं?" मेहुण्याने विचारलं. तो इतिहासाचा निवृत्त मास्तर. सगळं गाव त्याला गुरुजी म्हणायचं आणि तोही स्वतःला तेच म्हणायचा.

"वर चल," काचवाले म्हणाले.

चाळीस पायऱ्या वर प्रार्थनागृह होतं. त्याची राखण करणारी मावशी पडवीत बसून खिडकीची एक काच मापाने कापत होती. तिच्यामागे खिडक्यांच्या नुसत्या चौकटी होत्या.

"मावशी, सात नंबरची काच कोणी बसवली?"

"कोण बसवणार? मीच की. फुटली होती ना. तारीखसुद्धा जुनीवरून तशीच्या तशी उतरवली."

"कधी?"

"ती? परवा."

काचवाले पायरीवर बसले. मावशीला वाटलं, चढून दमले असतील. तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्याही मीच बघते. तुम्हीच सांगितलं होतं पहिल्या दिवशी. 'मावशी, या काचा फुटता कामा नयेत, खाली सगळं गाव आहे.' मी शब्द दिला होता."

काचवाल्यांना आठवलं. बोट वर करून सांगितलं होतं त्यांनी. दाराशी राहणाऱ्या अडाणी बाईला जबाबदारीची जाणीव करून द्यावी म्हणून.

"मला का नाही सांगितलंत?"

"एवढ्यातेवढ्याला तुम्हाला कशाला चढवायचं? तुमचे गुडघे हे असे." मावशीने काच उजेडात धरून पाहिली. "आधी वर्षाला एखादी जायची. मग महिन्याला. या आठवड्यात रोज तीन-चार. काल तर बसवून हात धुते न धुते तोच पुन्हा टिचली. आवाज येतो बारीकसा, दातांत खडा आल्यासारखा."

"आणि भेग? भेग रुंद झाली असेल ना?"

"माती भरते की. उघडी चांगली दिसत नाही." मग तिने आवाज खाली आणला, घरात कोणी निजलं असावं तसा. "ही टेकडी झोपलीय साहेब. आपण तिच्या अंगावर राहतो. पांघरूण सरकलं की नीट करायचं. आपण सगळं नीटनेटकं ठेवलं तर ती कशाला उठेल?"

अकरा वर्षं त्यांच्या खात्याचंही म्हणणं साधारण हेच होतं.

गुरुजी एरवी असल्या बोलण्यावर दोन तरी टोमणे मारत. आज ते सरळ पायऱ्या उतरायला लागले. उतरताना अर्ध्या वाटेवर त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"जुन्या दप्तरात आहे. आपलं गाव तीनदा उठलंय. पायथ्यापासून लांब गेलंय, आणि साठ-सत्तर वर्षांनी पाण्यासाठी परत पायथ्याशी आलंय. तिन्ही वेळा कारण एकच लिहिलंय. 'ऐसपैस जागेसाठी.'"

"एका रात्रीत?"

"तारखा तशाच आहेत. आणि प्रत्येक वेळी नंतरच्या यादीत घरं निम्मी."

"मग तू स्मरणिकेत काय लिहिलंस?"

"पूर्वज प्रगतिशील होते असं."

पायाखालून एक खडा सुटला आणि घरंगळत खाली गेला. दोघंही तो थांबेपर्यंत थांबले.

"दाजी, आज कागदावर काही लिहू नका. रविवारी सोहळा आहे. लिहिलंत की पहिला प्रश्न तुम्हालाच. अकरा वर्षं काय बघत होतात? सात महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला. एखाद्या शहाण्या माणसाला बाहेरून बोलवा, त्याला शोधू दे."

"तोवर?"

"तोवर पोरीला घरी आणा. ताईला बरं नाही म्हणा." गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मी नातवाला आणतो. त्याचा दात दुखतोय."

"कधीपासून?"

"आत्तापासून," गुरुजी म्हणाले आणि इतिहासाच्या माणसाला न शोभणाऱ्या वेगाने पुढे निघून गेले.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर बांधकामाचा दाखला चौकटीत लावला होता. काचवाले त्याच्यासमोरून मान खाली घालून गेले. तिसरीच्या वर्गात फळ्यावर खडूने काढलेली गोल पृथ्वी होती, तिला मधोमध कललेला आस होता. मुलगी दाराशी आली.

"बाबा? तुम्ही इथे?"

"आईला बरं नाही. घरी चल."

"काय झालं? सकाळी तर माझ्याशी डब्यावरून भांडली."

"चल तू. मग सांगतो."

"अडतीस मुलं आहेत आत. बदलीवर कोणी नाही. यांना टाकून कशी येऊ?" तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. गुडघ्यांना माती होती आणि अंगठ्याच्या नखात पांढरं लुकण. "बाबा, आई बरी आहे ना?"

काचवाल्यांना खोटं लिहायची सवय होती हे त्यांना तासाभरापूर्वीच कळलं होतं. बोलायची नव्हती.

"आलाच आहात तर पाच मिनिटं या आत," ती मुलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "हे माझे बाबा. हे जमीन मोजतात. काय विचारायचं ते यांना विचारा."

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने लगेच हात वर केला. "पृथ्वी एवढी जोरात फिरते, तर आपल्याला कळत का नाही?"

"कारण आपणही तिच्याबरोबर फिरतो," काचवाले म्हणाले. पाठ्यपुस्तकात तसंच होतं.

"मग ती हलली, तरी कळणार नाही?"

खिडकीतून पटांगण दिसत होतं. गुरुजी नातवाचा हात धरून फाटकाकडे निघाले होते. नातू मजेत उड्या मारत होता. गुरुजींनी एकदा मागे वळून शाळेकडे पाहिलं, मग फाटकाची कडी काढली.

काचवाल्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला.

"तुमच्यात मॉनिटर कोण?"

मागच्या बाकावरून एक उंच मुलगी उठली.

"सगळ्यांनी ओळ करून फाटकाबाहेर जायचं, थेट नदीच्या पुलापर्यंत. किती वेळ लागेल?"

मुलीने मनातल्या मनात हिशेब केला. "दप्तरं भरून?"

त्यांनी आपल्या मुलीकडे पाहिलं. ती काही विचारायच्या बेतात होती. मग तिने हातातला खडू फळ्याच्या पट्टीवर ठेवला.

"दप्तरं राहू देत," काचवाले म्हणाले. "आणि जाताना प्रत्येक वर्गाचं दार वाजव."