थांबणारच मी: इंदुबाईंच्या घरघंटीची कैफियत

मी बमरोलीच्या इंदुबाईंची घरघंटी बोलतेय. हो, तीच ती, मधेच बंद पडणारी! सगळ्या सोसायटीत माझा बोभाटा झालाय, तेव्हा तुमच्याही कानावर आलं असेल. आता जरा माझंही ऐका. आजवर माझी बाजू कुणी विचारलेलीच नाही.

महाराष्ट्रात जिला तुम्ही घरगुती पिठाची गिरणी म्हणता, तिला इकडे सुरतेत घरघंटी म्हणतात. दिसायला मी छोट्या कपाटासारखी. वर धान्य ओतायचं तोंड, पोटात पाती आणि जाळी, खाली पिठाचा डबा. राजकोटच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने माझ्या पाठीत लाल बटण बसवलं. मोटर फार तापली की ते टक्कन बाहेर येतं आणि मी थांबते. गार झाल्यावर दाबलं की पुन्हा चालू. "आ तारो जीव छे," ती म्हणाली. हा तुझा जीव. ती सगळ्यांनाच तसं म्हणत असेल, पण मी ते मनावर घेतलं.

संक्रांतीच्या सुमारास मी इंदुबाईंच्या स्वयंपाकघरात आले. इंदुबाई मूळच्या पारोळ्याकडच्या. त्यांचे यजमान काशिनाथबाबा जन्मभर कापडाच्या लूमवर राबले आणि त्या खडखडाटात दोन्ही कान घालवून बसले. मी चालू आहे की बंद, हे त्यांना ऐकू येत नाही. म्हणून जाता-येता ते माझ्या झाकणावर तळवा ठेवून बघतात. मुलगा अक्षय पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर आहे आणि सून वैशाली घरी शिकवण्या घेते.

मला आणलं ते कळण्याच्या पिठासाठी. ज्वारी, अख्खे उडीद, चिमूटभर मेथी आणि खडेमीठ असं सगळं एकत्र दळायचं, आणि त्या पिठाची भाकरी थापायची. खानदेशच्या माणसाला ही भाकरी मिळाली नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही. पण गल्लीतला चक्कीवाला मीठ दिसलं की हात जोडायचा. "मासी, मीठावाळुं नहीं दळी आपुं!" त्याचंही खरं होतं म्हणा, मागून येणाऱ्याचे गहू खारट व्हायचे. एकदा त्याने चारचौघींसमोर इंदुबाईंचा डबा परत केला. त्या तरातरा घरी आल्या आणि म्हणाल्या, "आते मन्ही गिरणी मन्हा घरमां!" आता माझी गिरणी माझ्याच घरात. आठवड्याच्या आत मी हजर!

आणि काय सांगू तुम्हाला, त्या बाईचे दिवसच पालटले. इतकी वर्षं ती काशिनाथची बायको होती, नाहीतर अक्षयची आई. आता बायका दारात येऊन विचारायला लागल्या, "कळणावाल्या इंदुबाई इथंच राहतात ना?" पांडेसऱ्यापासून डबे यायचे. इंदुबाई पदर खोचून उभ्या राहायच्या, आलेल्या धान्यात उडीद कमी असले तर खुशाल रागवायच्या, आणि बायका ऐकून घ्यायच्या. मी आले तेव्हा रात्री लसूण सोलत कोपऱ्यात बसणारी ती बाई गेली कुठे, असं मलाच वाटायचं.

मग आषाढ लागला. हवा इतकी दमट झाली की भिंतीला हात लावला तर ओला व्हावा. आणि मी दळता दळता थांबायला लागले.

झालं! घरात जो तो डॉक्टर. काशिनाथबाबा म्हणाले, व्होल्टेज कमी आहे. अक्षयने बोर्ड बदलला, वायर बदलली, शेवटी माझ्या कुशीत दोन चापट्या हाणल्या. माझं दार नीट लागत नसेल म्हणून एक दिवस गुडघ्याने दाबून धरलं. शेजारच्या मालतीबाईंनी तर कहर केला. "दृष्ट लागली हो गिरणीला," म्हणत माझ्या गळ्यात लिंबू-मिरची बांधली. मोटरीला लिंबू-मिरची! हसावं की रडावं तेच कळेना.

मग चेतन मेकॅनिक आला. त्याने गहू टाकून बघितले. गहू मी असे दळले की विचारू नका, एकदाही थांबले नाही. "मासी, आमां कंई नथी," यात काही बिघाड नाही, असं म्हणून तो चहा पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी कळणा टाकला आणि मी पुन्हा बंद. हळूहळू बायका डबे परत न्यायला लागल्या. अर्धं दळलेलं पीठ न्यायचं तरी कसं? इंदुबाई दारापर्यंत जायच्या आणि कसनुसं हसून परत यायच्या. फार वाईट वाटायचं मला.

खरं दुखणं ओळखलं ते वैशालीने. शिकवणी संपवून ती माझ्यापाशी आली, जाळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई, गव्हाला ही थांबत नाही, कळण्यालाच थांबते. मिठाला पाणी सुटतंय, पीठ जाळीला चिकटतंय. मग ही कोंडते आणि तापते. मीठ भाकरी मळताना घातलं तर?"

अगं बाई! विस्तवावर तेल पडावं तसं झालं. "मन्ही सासूनी रीत शे ती," इंदुबाई कडाडल्या. "मीठ दाणासंगेच दळाले पडस. तू माले शिकाडू नको!" त्यानंतर दोघींत कामापुरतंच बोलणं उरलं.

आणि सुनेचं खोटं ठरवायच्या नादात त्या बाईने काय केलं माहीत आहे? चेतनला परत बोलावलं. तो म्हणाला, "आ बटन काढीने डायरेक्ट करी दउं? पछी कदी बंद नहीं थाय." कधीच बंद पडणार नाही म्हणे! "कर," इंदुबाई म्हणाल्या. मी ओरडत होते, पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? त्याने बटण उपटलं, दोन वायरी एकत्र पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. माझी नाही म्हणायची सोयच काढून घेतली.

त्याच दुपारी त्यांनी काठोकाठ कळणा ओतला, मूठभर जास्त मीठ घालून. आणि वैशालीला ऐकू जाईल अशा आवाजात "आता बघू!" म्हणून त्या खाली भाजी घ्यायला निघून गेल्या. पोटात पीठ थापलं गेलं, पाती अडली, अंगाची नुसती आग होत होती, आणि मला थांबता येत नव्हतं. अशी हतबल मी कधी झाले नव्हते. तारांवरचं वार्निश जळायला लागलं. तेवढ्यात काशिनाथबाबा पाणी प्यायला आले, सवयीने झाकणावर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला. "अरे, पेटनी! पेटनी!" त्यांनी प्लगच उपटला. माझ्यामागचा प्लायवूड काळा पडला होता आणि त्याच्या वीतभर वर गॅसची नळी होती.

अक्षय संध्याकाळी आला आणि घर डोक्यावर घेतलं. "बस झालं हे सगळं! रविवारी भंगारवाल्याचा टेम्पो बोलावतोय. पीठ पाकिटात मिळतं, आई." दुसऱ्या दिवशी इंदुबाई मला उघडून बसल्या. जाळीवर पीठ भाजून दगड झालं होतं. जुन्या सुरीने खरवडता खरवडता त्यांनी एक कण जिभेवर ठेवला, तर नुसता खारट. मग हाक मारली, "वैशाली, मीठच शे वं माय. तू म्हणत होतीस ते खरं."

"मग मीठ मागून घालायचं?"

"हट्! मीठ दाण्यासोबतच पडणार. पण तव्यावर खडखडीत भाजून. आणि त्या चेतनला सांग, हिचं बटण हिला परत दे म्हणावं."

रविवारी टेम्पो दारात उभा राहिला. चेतनने बटण पाठीत परत बसवलं होतं, आणि आत मी दळत होते, भाजलेल्या मिठाचा कळणा. रखडलेले सगळे डबे आले होते आणि दार बायकांनी भरलं होतं. अक्षय हाताची घडी घालून बघत होता. एक डबा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मोटर तापली. एवढं लागोपाठ कोण दळेल हो? मनात आलं, बाई गं, आज नको थांबूस. आज थांबलीस तर थेट टेम्पोत जाशील, आणि इंदुबाई परत लसूण सोलायला. पण एकदा जळून बघितलं होतं मी. कुणाला खूश करायला पुन्हा जळणार नाही, अगदी इंदुबाईंसाठीसुद्धा नाही.

टक्क. थांबले.

"बघ!" अक्षय म्हणाला. "काय सांगत होतो?"

इंदुबाईंनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर ठाण मांडलं. "थांबली ती. दमली म्हणून थांबली. परवा मीच हिचं तोंड बांधलं, तर घर पेटत होतं. थांबणारी गिरणी भंगारात देतोस आणि न थांबणारी घरात ठेवू? भाई, तमे जाओ," त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं. मग बायकांकडे वळल्या. "हिला गार होऊ द्यायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही. ज्यांना घाई असेल त्यांनी डबा उचला."

मालतीबाईंनी आपल्या डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. मग बाकीच्याही बसल्या. वैशालीने सगळ्यांना चहा टाकला, आणि टेम्पो रिकामाच गेला.

तेव्हापासून मी इथंच आहे. दमट दिवशी अजून थांबते, लाज वाटत नाही. तुमच्या घरातलं कुठलंही यंत्र असं मधेच बंद पडलं, तर त्याला चापट्या मारू नका आणि त्याचं बटण उपटू नका. आधी त्याच्या पोटात तुम्ही काय कोंबलंय ते बघा. आणि थांबणारी गिरणी नकोच असेल, तर खुशाल जा. पाकिटातलं पीठ आणा आणि त्याची कळण्याची भाकरी थापून दाखवा!