इस्पिकाखालची अक्षरं

जरा पुढं सरकून बसा, मागच्या बाकांवर आवाज नीट पोचत नाही. आज एका उजव्या हाताची गोष्ट सांगायची आहे. मध्येच हसू आलं तर हसून घ्या. देवाच्या घरी हसायला बंदी नाही. शेवटी मी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, तेवढं मात्र लक्षात ठेवा.

हात होजेया टार्व्हर या फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचा. जॉर्जियातल्या मेकन गावी ज्याचा म्हणून फ्रीज बंद पडला, त्यानं हा हात आपल्या स्वयंपाकघरात पाहिलेला असणारच. रुंद पंजा, आखूड बोटं आणि पंजाच्या पाठीवर गोंदलेला काळाकुट्ट इस्पिकचा एक्का.

त्या दिवशी तो हात एका उशीवर पालथा पडला होता आणि मार्व्हेला नावाची नर्स त्यावर लेझरची नळी धरून बसली होती. दोघांच्याही डोळ्यांवर जाड चष्मे. टक्, टक्, टक्. जिथं प्रकाश पडे तिथं कातडी क्षणभर पांढरी फटक होई आणि केस जळल्याचा वास येई.

"दुखतंय का, मिस्टर टार्व्हर?"

"माझी बायको शाळेच्या स्वयंपाकघरात मासे तळते, ताई. उडत्या तेलाची सवय आहे मला."

"मग हात का ओढून घेताय?"

"तेल उडालं तरी ओढतोच की."

मार्व्हेला हसली. होजेया मुळातला चौकस माणूस. बर्फाचं यंत्र उघडलं की पाणी कुठून येतं, कुठं जातं हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं विचारलं, "मला एक सांगा, ही शाई जाते कुठं?"

"प्रकाश फक्त ती फोडतो. बारीक चुरा करतो. उचलून नेतं ते तुमचं शरीरच. रक्तातल्या पेशी येतात आणि एकेक कण घेऊन जातात."

"आणि टाकतात कुठं?"

"थोडी धुऊन जाते. थोडी आतल्या गाठींत साठून राहते."

"म्हणजे माझ्यातच?"

"थोडी तुमच्यातच." तिनं हातावर मलम लावलं. "आपली कातडी सावळी, म्हणून घाई करायची नाही. घाई केली तर शाईबरोबर कातडीचा रंगही जाईल. आता दोन महिने काही करायचं नाही. ऊन नको, घट्ट हातमोजा नको. वाट बघायची."

पंचाईत हातमोज्याचीच होती, कारण देवळातलं सगळं आयुष्य होजेयानं हातमोज्यावरच काढलं होतं. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तो दारावरचा सेवेकरी. रविवारी काळा कोट, पांढरे हातमोजे, येणाऱ्या बायामाणसांना वाकून जागा दाखवायची. कामावर सगळ्यांनी पाहिलेला इस्पिक देवळात कुणाला दिसत नसे. पण आता पास्टर गेन्स यांनी जूनच्या पहिल्या रविवारी त्याला डीकन, म्हणजे मंडळीचा मानाचा सेवक, करायचं ठरवलं होतं. डीकननं प्रभुभोजनाची भाकर उघड्या हातानं द्यायची असते. मंडळीत नवा माणूस आला की त्याला पहिला उजवा हात द्यायचा असतो, तोही उघडा. मदर ओला ह्या मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या, पांढऱ्या टोपीतल्या बाई. त्यांनी आपला निकाल आधीच देऊन टाकला होता: "प्रभूच्या भाकरीशेजारी जुगाराचं पान मला चालायचं नाही हो."

म्हणून हा खटाटोप. पण एक गोष्ट होजेयानं नर्सला सांगितली नव्हती, आणि पास्टरला, मदर ओलांना, सख्ख्या बायकोलाही नाही. त्या इस्पिकाच्या खाली आणखी एक गोंदण होतं. ते त्यानं स्वतःच, एकोणिसाव्या वर्षी, सुई आणि काजळीनं टोचून घेतलं होतं. त्याची समजूत अशी की प्रकाश पडला की वरचं आणि खालचं बरोबरच जाईल, जसा बर्फ वितळताना वरचा-खालचा असा भेद करत नाही.

शाई काही बर्फ नव्हे.

हिवाळा सरला. दर दोन महिन्यांनी खुर्ची, चष्मा, टक् टक्. मधले सगळे दिवस वाट बघण्याचे. पर्लीनला, म्हणजे त्याच्या बायकोला, या सगळ्याची मोठी मौज वाटे. सकाळी कॉफी ओतली की ती नवऱ्याचा हात खिडकीशी ओढून धरी.

"आज टोक गेलं बघ. इस्पिक कुठला, आता बदामासारखा दिसायला लागलाय."

"चल, काहीतरीच."

"बदामच. माझ्यामुळं."

इस्पिक काळ्याचा राखाडी झाला, राखाडीचा धुरकट झाला. आणि ईस्टरच्या थोडं आधी, जिथं वरची शाई पातळ होती तिथं, खालून तीन अक्षरं वर आली. अगोदर ओ. मग त्याच्या डावीकडं जी. मग थोडी जागा सोडून डी.

होजेयानं ती पाहिली आणि त्या दिवशी तो कॉफी न पिताच कामाला गेला.

हातमोजा घालायची परवानगी नव्हती, तेव्हा रविवारी तो उघड्या हातानंच दारात उभा राहिला. मदर ओलांनी पायरी चढताना आधाराला म्हणून तोच हात धरला. धरला तो सोडलाच नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी हात अगदी नाकाशी आणला.

"जी," त्या म्हणाल्या. "ओ." मग बराच वेळ गेला. "डी."

"मदर, आत चला, गाणं सुरू झालंय."

"गॉड," मदर ओला म्हणाल्या. "अरे बाळा, तुझ्या हातावर देवाचं नाव उमटलंय."

झालं. जुगाराच्या पानाखाली देवाचं नाव निघालं ही बातमी गायक मंडळात पोचायला एक कडवंही लागलं नाही. शेवटच्या बाकापासून पहिल्या बाकापर्यंत लोक वळून वळून बघू लागले. होजेयानं मदर ओलांना त्यांच्या बाकाशी पोचवलं आणि तो परत दाराशी जाऊन उभा राहिला. आणि जी गोष्ट पहिल्या क्षणी सांगितली नाही, ती दुसऱ्या क्षणी दुप्पट जड होते. हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहेच.

त्या रविवारचा उपदेश ज्यांनी ऐकला ते अजून त्याची आठवण काढतात. पास्टर गेन्स यांनी तयार करून आणलेला विषय बाजूला ठेवला. सुरुवात हळू, बोलल्यासारखी. "जगानं आपल्यावर काय काय गोंदलं, मंडळी." ऑर्गननं खालच्या सुरात हुंकार दिला. "कुणावर दारू गोंदली." हुंकार. "कुणावर लबाडी गोंदली." बोलता बोलता त्यांचा आवाज कधी चढला, कधी त्याला ताल आला, कळलंही नाही, आणि एकदा सूर लागल्यावर ते बोलणं राहिलंच नाही, गाणंच झालं. "पण खाली, खाली, खाली आधी कुणाचं नाव होतं?" बायका उभ्या राहिल्या. टोप्या हलल्या. "प्रकाश पडू द्या, प्रकाश पडू द्या, वरचं सगळं जाऊ द्या." लोक रडत होते, आणि ते रडणं खरं होतं. मी त्याला खोटं म्हणणार नाही. कुणी त्या दिवशी दारू सोडली असेल, कुणी भावाला फोन केला असेल.

दारात उभा असलेला होजेया मात्र मनात अक्षरं जुळवत होता. वर आलेली तीन: जी, ओ, डी. अजून दाट काळ्याखाली अडकलेली तीन: मधला एल, शेवटचे आय आणि ई. पहिली तीन मिळून देव होतो, आणि राहिलेली तीन मिळून इंग्रजीत होतं 'खोटं'. सहाही मिळून एका मुलीचं नाव होतं.

तो घरी आला तेव्हा पर्लीन सिंकमध्ये कॉलर्डची, कोबीच्या जातीतल्या भाजीची, पानं धुवत होती. अंगावर अजून रविवारचा तो घट्ट निळा झगा.

"ताईला फोन करून सांगितलं मी. तिला फोटो हवाय."

"पर्लीन, तो देव नाही."

"काय देव नाही?"

"हातावरचा. मध्ये एल आहे. शेवटी आय, ई. गोल्डी."

"कोण गोल्डी?"

हाच प्रश्न चोविसाव्या वर्षी, तो कारखान्यात कामाला होता तेव्हा, तिथली माणसं त्याला विचारायची. दर वेळी तो "कोणी नाही" म्हणायचा. ते म्हणून म्हणून कंटाळला, म्हणूनच त्यानं वरून इस्पिक गोंदवून घेतला होता.

"माझी मुलगी," तो म्हणाला.

पर्लीननं नळ बंद केला.

"कुठं असते?"

"तिच्या आईची माणसं दोघींना क्लीव्हलंडला घेऊन गेली. पोरगी सात महिन्यांची होती."

"मी विचारलं, कुठं असते."

"माहीत नाही."

"शोधलीस?"

"गेलो होतो. घर रिकामं होतं. शेजारीण म्हणाली, गेले इथून. मी परत आलो."

"किती वेळा गेलास?"

"एकदा."

पर्लीन हातातल्या पानाची शीर सोलत राहिली. तिला तीनदा दिवस राहिले होते आणि तिन्ही वेळा मूल पोटातच गेलं होतं. शेवटच्या वेळी होजेयानं तिला दवाखान्यातून उचलून गाडीत बसवलं होतं, याच हातांनी.

"मी माझ्या तिघांना नावंसुद्धा ठेवली नाहीत," ती शेवटी म्हणाली. "हिंमतच झाली नाही. आणि तुझी नाव असलेली होती, होजेया. नाव असलेली, दात येत असलेली. तिच्यावर तू जुगाराचं पान गोंदवून घेतलंस."

ती बाहेर गेली आणि अंगणातल्या गाडीत जाऊन बसली, गाडी सुरू न करता. होजेया खिडकीतून तिचा खांदा बघत राहिला. बऱ्याच वेळानं ती आत आली, पातेलं चुलीवर ठेवलं, त्यात मांसाचा तुकडा टाकला आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "बुधवारी सांग सगळ्यांना. आधी पास्टरला सांगू नकोस. तो त्याचंही गाणं करील."

बुधवारी त्यांच्याकडं प्रार्थनेला मोजकी माणसं जमतात. ऑर्गन नाही, झगमग नाही. मदर ओला पुढं बसून विचारतात, "आज कुणाची आठवण करायची?" मग ज्याच्या मनात जे नाव असेल ते त्यानं उठून मोठ्यानं घ्यायचं. कुणी आजारी मेहुणा सांगतो, कुणी तुरुंगातला नातू. नाव घेतलं की सगळी मंडळी ते नाव परत म्हणते. होजेया वर्षानुवर्षं त्या खोलीत बसला होता. त्यानं शेजाऱ्यांची नावं घेतली होती, एकदा आजारी कुत्र्याचंही घेतलं होतं. हे नाव कधी घेतलं नव्हतं.

तो उठला. "गोल्डी," म्हणाला.

"कोण रे बाळा?"

त्यानं सांगितलं. थोडक्यात, खाली बघत, पण नीट. सुई आणि काजळी, क्लीव्हलंड, एकदाच केलेली वारी, इस्पिक. आणि मग हात पुढं धरून, "म्हणजे मदर, हा देव नाही."

पास्टर गेन्स डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, "ब्रदर होजेया, त्या उपदेशाची कॅसेट मी अलाबामातल्या तीन देवळांना धाडून मोकळा झालोय." मागं कुणीतरी फुसकन् हसलं. पास्टर हसले नाहीत. "चूक माझी. मधली जागा रिकामी दिसत होती आणि मी ती न विचारता गाऊन टाकली." मग थोडं थांबून, "डीकनचं मात्र आता जूनमध्ये जमायचं नाही. तुलाही कळतं ते."

"कळतं, पास्टर."

मदर ओलांना त्या चर्चेत रस नव्हता. "केवढी असेल रे ती आता?"

"पस्तिशी ओलांडली असेल."

"म्हणजे तिलाही पोरंबाळं असतील." त्यांनी डोळे मिटले. "गोल्डी," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी म्हटलं, "गोल्डी." पर्लीननंही म्हटलं. तिचा आवाज थोडा उशिरा आला, पण आला.

पुढच्या वेळी होजेया दवाखान्यात गेला तो सांगायलाच गेला. "आता थांबवा. जेवढं राहिलंय तेवढं राहू द्या."

मार्व्हेलानं हात उजेडात वळवून पाहिला. सहाही अक्षरं आता दिसत होती, वाकडीतिकडी, पोरगेल्या हातानं टोचलेली.

"मी थांबवते, मिस्टर टार्व्हर. पण शरीराला कोण थांबवणार? जे फुटलंय ते नेण्याचं त्याचं काम चालूच राहतं. कित्येक महिने."

"किती नेईल?"

"ते सांगता येत नाही."

"त्याला सांगायची काही सोय नाही, की हे ठेव म्हणून?"

"नाही हो."

जूनच्या पहिल्या रविवारी दुसरे दोघे डीकन झाले. होजेयानं त्यांच्या घरच्यांना वाकून पुढची जागा दाखवली. पर्लीननं कुणाकुणाला विचारून क्लीव्हलंडमधल्या मंडळ्यांचे फोन मिळवले आहेत. शनिवारी ती एकेकाला फोन लावते, होजेया शेजारी बसतो. गोल्डीचा ठावठिकाणा अजून कुणाला ठाऊक नाही.

शेवटचा ई उन्हाळ्यातच गेला. त्यामागून आय. आता रोज सकाळी पर्लीन त्याचा हात खिडकीशी धरते, अगोदर धरायची तसाच, पण आता दोघंही हसत नाहीत.

"एल आहे?"

"आहे. तिरपं धरलं की दिसतो."

"ओ?"

"ओ आहे."

तर मंडळी, मागणं एवढंच. तुम्ही तुमच्या देवाला ज्या नावानं हाक मारत असाल त्या नावानं मारा. पण आज दिवा लावताना, नाहीतर ताटावर बसताना, घरच्यांच्या नावांबरोबर एक नाव जास्तीचं घ्या. गोल्डी. ते जिथं लिहिलं होतं तिथं आता फार दिवस टिकायचं नाही.